गिअरबॉक्स बदलला, आता प्रोपेलर शाफ्टचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६८ची जीप आहे. तीन गिअरवाली होती, आता चार गिअरवाली आहे, आणि त्या एका जादा गिअरपायी मी मागचा प्रोपेलर शाफ्ट तीनदा बनवून घेतला, तिसऱ्यांदा बसला. तेव्हापासून कोल्हापुरात ओळखीतल्या कुणीही जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलायला काढला की फोन मला येतो, प्रश्न तेच असतात आणि मीही तेच तेच सांगून दमलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी इंजिनिअर वगैरे नाही, दुकान आहे आपलं हार्डवेअरचं, पण उद्यमनगरात लेथवर स्टूल टाकून बसायची सवय आहे आणि चुका स्वतःच्या पैशाने केल्यात.

शब्दांचं आधी बोलून घेऊ. प्रोपेलर शाफ्ट, प्रॉप शाफ्ट, ड्राइव्हशाफ्ट, नुसतं ‘जॉइंट शाफ्ट’, इथे सगळं एकच, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी फिरती नळी. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतल्या शाफ्टचं गणित वेगळं, ते इथे नाही.

गिअरबॉक्स बदलल्यावर जुनाच शाफ्ट बसेल का?

बहुतेक वेळा नाही. आणि कधीकधी बसतो तेच जास्त वाईट, कारण ‘बसला’ म्हणजे बोल्ट लागले एवढंच असतं. नवीन बॉक्स जुन्यापेक्षा लांब किंवा आखूड असतो, त्याची शेपटी वर-खाली किंवा बाजूला सरकते, शाफ्ट जोडायची पद्धत वेगळी असते, दांड्यावरचे दाते म्हणजे स्प्लाइन वेगळे असतात. यातलं एक जरी चुकलं तरी गाडी चालते, फक्त ६० च्या पुढे स्टिअरिंग, सीट आणि दात सगळं एकत्र वाजायला लागतं.

लोक शाफ्ट आधी बघतात, आणि खरी चूक तिथेच होते. शाफ्ट सगळ्यात शेवटी बनवायचा. आधी इंजिन माउंटिंग, मग बॉक्स, मग क्रॉसमेंबर (बॉक्स पेलणारा चॅसीचा आडवा तुकडा) पक्का, मागचा धुरा त्याच्या जागी, पाटे (लीफ स्प्रिंग) बदलायचे असतील तर तेही बदलून झालेले, आणि मग माप. आमचे लेथवाले काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “मालक, माप आणा, शाफ्ट दोन तासांत देतो. पण माप बदललं म्हणून परत येऊ नका.” मी दोनदा परत गेलो.

दाते जुळतात का हे कसं बघायचं?

ज्या बॉक्समध्ये शाफ्टचा योक, म्हणजे टोकाचा दोन कानांचा तुकडा, थेट आत सरकतो त्याच्यासाठी हा प्रश्न. स्प्लाइन मोजताना डोळा फसतो, विसाव्या दात्यावर आलं की सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. सोपी पद्धत सांगतो: दांड्याच्या टोकाला थोडं ग्रीस फासा, त्यावर कोरा कागद दाबा, सगळ्या दात्यांचा ठसा उमटतो, आणि मग घरी चहा पीत पेनाने खुणा करत मोजा. मी आमच्या दुकानाच्या बिलाच्या मागे काढलेला ठसा अजून ठेवलाय.

पण संख्या जुळली म्हणून काम झालं असं नाही. बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्यायचा आणि दात्यांचा आकारही बघायचा, काही दाते सरळ बाजूंचे असतात, काही फुगीर. शिवाय योकचा बाहेरचा गुळगुळीत भाग ज्या बुशमध्ये आणि ऑइल सीलमध्ये फिरतो त्याचाही व्यास जुळला पाहिजे, नाहीतर दाते बरोबर आणि सीलमधून तेल ठिबकतंय असं होतं. सगळ्यात भारी उपाय म्हणजे भंगारातून बॉक्स घेताना त्याचा पुढचा योक, शक्य असेल तर अख्खा शाफ्ट, त्याच वेळी उचलायचा. पुण्यात नाना पेठेत असो नाहीतर कुर्ल्याला, बॉक्स विकणारा योकचे वेगळे पैसे मागतो तेव्हा घासाघीस करून का होईना पण घ्या. नंतर तोच योक शोधत दोन महिने फिराल.

माझ्या जुन्या बॉक्सला फ्लँज होती, नवीनला नुसता दातेवाला दांडा आहे. आता?

याच्यात खूप जण अडकतात. मागचा धुरा खड्ड्यात वर-खाली होतो तेव्हा शाफ्टला थोडं लांब-आखूड व्हावं लागतं. ते सरकणं कुठेतरी असलंच पाहिजे. एका प्रकारात गिअरबॉक्सला बोल्टची चकती म्हणजे फ्लँज असते आणि सरकणारा जोड शाफ्टच्या पोटात असतो. दुसऱ्या प्रकारात शाफ्ट एकसंध असतो आणि त्याचा योकच बॉक्सच्या शेपटीत आत-बाहेर सरकतो.

इंग्लंडमध्ये एमजीबी गाडीत फोर्डचा टाइप ९ हा पाच गिअरचा बॉक्स घालायची पद्धत आहे, तिथे नेमकं हेच होतं. एमजीबीच्या मूळ बॉक्सला फ्लँज, सरकणं शाफ्टमध्ये. टाइप ९ ला सरकता योक लागतो. त्यामुळे जुना शाफ्ट नुसता कापून भागत नाही, पुढचं टोकच बदलावं लागतं. आपल्याकडेही गाडी कुठलीही असो, दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून हे आधी बघा.

दोन चुका अशा: दोन्हीकडे सरकणं ठेवलं तर शाफ्ट मधे तरंगतो आणि हाणामारी करतो. दोन्हीकडे फिक्स ठेवलं तर पहिल्याच स्पीडब्रेकरला गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर घण बसतो. दुसरी चूक मी एका लग्नाच्या वरातीच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलीय, बॉक्सचं मागचं कव्हरच तडकलं होतं, नवरदेव रिक्षाने गेला.

फ्लँज टू फ्लँज असेल तर बोल्टची भोकं जुळली की झालं ना?

नाही हो. भोकांचं वर्तुळ जुळलं पाहिजेच, पण शाफ्ट मधोमध राहतो तो बोल्टांमुळे नाही, फ्लँजच्या मधल्या उंचवट्यामुळे, जो समोरच्या खाचेत घट्ट बसतो. तो सैल असेल तर शाफ्ट केसभर बाजूला बसतो आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, थरथर राहतेच. भोकं मोठी करून ‘ॲडजस्ट’ करणारा मिस्त्री दिसला की गाडी घेऊन निघा. उंचवटा वेगळ्या मापाचा असेल तर लेथवर रिंग करून घेता येते, छोटं काम आहे.

बोल्टचंही एक आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांत इंची आटे असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट त्या आट्यात दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. शाफ्टच्या बोल्टला टोपलीतला कुठलाही बोल्ट लावू नका, मी स्वतः बोल्ट विकतो तरी सांगतो.

लांबी मोजायची कशी?

चारही चाकं जमिनीवर. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. गाडीचं वजन पाट्यांवर पूर्ण आलेलं, टाकीत थोडं पेट्रोल, मागे स्टेपनी. गाडी खड्ड्यावर घ्या नाहीतर चाकांखाली रॅम्प द्या, पण बॉडीला जॅक लावून धुरा लोंबकळत ठेवून माप घ्यायचं नाही.

मी पहिल्यांदा तेच केलं होतं. जॅकवर गाडी, धुरा खाली लोंबतोय, मी उताणा झोपून टेप धरलाय आणि पोरगा टॉर्च धरतोय. माप झकास आलं. शाफ्ट बनला, बसला, गाडी खाली घेतली आणि सरकता जोड पूर्ण आत जाऊन टेकला, दोन सूतसुद्धा जागा शिल्लक नाही. जीपचा मागचा शाफ्ट जेमतेम दोन फुटांच्या आतला, त्यामुळे धुरा चार इंच खाली लोंबला तरी दीड इंचाचा फरक पडतो. हातभर वस्तूत दीड इंच म्हणजे सगळं गेलं.

माप क्रॉसच्या (योकच्या कानांत बसणारा अधिकच्या खुणेसारखा तुकडा) मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत घ्यायचं, नळीच्या टोकापासून नाही. सरकता योक असेल तर आधी तो बॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिमी बाहेर ओढा, तिथे खूण करा आणि त्या स्थितीत क्रॉसच्या मध्यापासून पिनियनच्या (डिफरन्शियलमधून पुढे आलेला दांडा) योकच्या मध्यापर्यंत माप घ्या. एवढी जागा ठेवली की खड्ड्यात योक आत जाऊन टेकत नाही, आणि धुरा खाली गेला तरी बाहेर निघत नाही. फार बाहेर राहिला तरी वाईट, थोडेच दाते पकडीत राहतात आणि योक डुगडुगतो.

तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा वेगवेगळं आलं तर टेपला दोष देऊ नका, इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असतं बहुतेक.

जीपमध्ये दोन शाफ्ट असतात, दोन्ही बदलायचे का?

हो, आणि उलट्या दिशेने. महिंद्रानी मुंबईत माझगावला १९४९ पासून ज्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली त्यांच्यापासून पुढे बरीच वर्षं बेत तोच होता: गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस चिकटलेली आणि तिच्यातून एक शाफ्ट पुढे, एक मागे. नवीन बॉक्स तीन इंच लांब असेल तर ट्रान्सफर केस तीन इंच मागे जाते. म्हणजे मागचा शाफ्ट तीन इंच आखूड आणि पुढचा तीन इंच लांब. लोक मागचा कापून आणतात आणि पुढच्याला विसरतात, तो सरकत्या जोडात ओढून ताणून बसतोही, मग पहिल्या ओढ्यात फोर व्हील टाकली की दाते बाहेर.

लांबीपेक्षा मोठी भानगड कोनाची आहे. जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ८० इंच, मागचा शाफ्ट आधीच आखूड. समजा तो २० इंच लांब आणि दोन टोकांत ५ इंचांचा उतार आहे, तर कोन साधारण १४ अंश. तोच उतार १७ इंचांत घेतला की कोन १६ अंशांच्या वर जातो. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, क्रॉसला विचारा. वर कुणी पाट्यांना जादा शॅकल लावून गाडी उंच केलेली असेल तर बघायलाच नको. म्हणून बॉक्स निवडतानाच ॲडॉप्टर प्लेट धरून एकूण लांबी बघा. आखूड बॉक्स मिळत असेल तर गिअर कमी असला तरी चालेल असं माझं मत आहे, आमच्या मित्रमंडळींना ते पटत नाही.

कोन किती ठेवायचा? आणि तो ‘पॅरलल’ काय प्रकार आहे?

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दोन योक आणि मधल्या क्रॉसचा जोड, कोनात फिरला की पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे पळते, दोनदा मागे राहते. ३ अंशांत हा फरक हजारात दीडचा पण नाही, १० अंशांत साधारण दीड टक्का, २० अंशांत सहा टक्क्यांच्या वर. आता मागच्या टोकाला दुसरा जॉइंट असतो, तो तेवढ्याच कोनात असेल तर पहिल्याने केलेला घोळ हा दुसरा निस्तरतो, हिशोब शून्य. म्हणून गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर पाहिजेत. एका रेषेत नव्हे, समांतर.

साध्या गाडीत प्रत्येक जॉइंटचा कोन १ ते ३ अंश आणि दोन्हींमधला फरक एक अंशाच्या आत, हा धंद्यातला नियम. शून्य अंशही नको बरं का, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात, अर्धा अंश तरी हवाच. जीप याच्यात बसत नाही, ती पन्नास-साठच्या स्पीडला चालते म्हणून खपून जातं.

मोजायला आता मोबाइलमधलं लेव्हल ॲप पुरतं. बॉक्सच्या शेपटीच्या सपाट तोंडावर, नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर ठेवून तीन आकडे घ्या आणि वजाबाकी करा. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन नाक वर करतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो एखाद-दोन अंश खाली ठेवतात. त्यासाठी पाटा आणि धुऱ्याच्या मधे निमुळती पाचर मिळते.

बाजूचा कोन मात्र सगळे विसरतात. नवीन बॉक्स अर्धा इंच डावीकडे बसला तर वरून बघितल्यावरही कोन पडतो. उभा २ अंश आणि आडवा २ अंश असेल तर खरा कोन पावणेतीनच्या पुढे जातो. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने दोन्ही टोकांचे ठिपके मारा, लगेच दिसतं.

शाफ्ट फक्त ग्रीस करायला उघडला होता, परत लावल्यापासून थरथरतोय.

सरकता जोड एक-दोन दाते चुकवून लावलाय, पैज. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका पातळीत पाहिजेत. शाफ्ट जमिनीवर ठेवा, एका टोकाचे कान आडवे करा, दुसऱ्या टोकाचेही आडवेच दिसले पाहिजेत. एक दाता चुकला तर वर सांगितलेला निस्तरायचा हिशोबच मोडतो. कारखान्यातून बाण कोरलेले असतात पण चाळीस वर्षांच्या ग्रीस-मातीखाली ते कोणाला दिसणार. उघडायच्या आधी पांढऱ्या पेंटचा एक फराटा मारायचा, एक मिनिटाचं काम. माझा दुसरा शाफ्ट याच कारणाने वाया गेला असं मी समजलो, पैसे देऊन तिसरा बनवला, आणि नंतर कळलं की दुसऱ्यात काहीच वाईट नव्हतं. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

लेथवाला शाफ्ट आखूड कसा करतो? बरोबर केलाय हे कसं कळणार?

समोर बसून बघितलेलं सांगतो. काकांनी शाफ्ट लेथला लावला, वेल्डचा मणी जिथे नळीला भेटतो तिथे बारीक टूल लावून मणीच तेवढा सोलून काढला, लाल-निळी वाकडी छिलट पडत होती. मग दोन ठोक्यांत योक नळीतून बाहेर आला, खालचा मूळ खांदा अगदी कोरा, चकचकीत. नळी मापाने कापली, तोंड लेथवरच चौरस केलं, योक परत ठोकून बसवला. आता कान जुळवायचे: दोन्ही योकमध्ये एकेक सरळ गज घातला आणि लांबून एका डोळ्याने बघितलं, दोन गज एकमेकांवर लपले पाहिजेत. मग डायल गेज लावून नळी हाताने फिरवली, सुई दहा थाऊच्या आत म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत आल्यावर समोरासमोर चार टाके मारले, परत गेज, आणि मग पूर्ण वेल्ड, तोही एका दमात नाही, थोडं इथे थोडं समोर, नाहीतर उष्णतेने नळी ओढली जाते.

ग्राइंडरने कापून, नजरेने बसवून, एका फेऱ्यात वेल्ड मारणाराही असतो आणि तो स्वस्तही असतो. दोन गोष्टी विचारा: डायल गेज आहे का, आणि वेल्डच्या आधी क्रॉस काढणार का. क्रॉस आत ठेवून वेल्ड केला तर सुया भाजतात, ग्रीस जळतं.

यानंतर बॅलन्सिंग. ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडे मशीन असतं, छोट्या गाडीचा म्हटलं की नाक मुरडतात पण करून देतात. आपल्याच फ्लँज आणि योकसकट बॅलन्स करून घ्या.

शाफ्ट लांब करायचा असेल तर मधे तुकडा जोडला तर?

नको. नवीन पूर्ण नळी घाला.

पाच गिअरचा बॉक्स घातला तर शाफ्ट जास्त जोरात फिरतो का?

भारी प्रश्न, आणि बरेच मिस्त्री याचं उत्तर उलटं देतात. एकाच स्पीडला शाफ्ट तेवढाच फिरतो, बॉक्स कुठलाही असो. चाकाचा घेर आणि डिफरन्शियलचा रेशो एवढ्यावरच ते अवलंबून. समजा टायरचा घेर २ मीटर आणि रेशो ४.५, तर ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ६६७ फेरे आणि शाफ्ट ३०००. तीन गिअर असोत की पाच.

मग बदलतं काय? माणूस. जुन्या चार गिअरला ४००० वर इंजिन ओरडतं म्हणून तुम्ही पाय उचलता, तेव्हा शाफ्टही ४००० वर असतो कारण टॉप गिअर सरळ एकास एक. पाचवा गिअर ०.८ चा असला की इंजिन तेच ४०००, शाफ्ट ५०००, आणि केबिन शांत, म्हणून पाय उचलतच नाही. १९६० च्या शाफ्टने आयुष्यात न बघितलेला वेग तो आता पुणे-बंगळुरू हायवेवर बघतो.

प्रत्येक नळीला एक वेग असा असतो जिथे ती दोरीवरच्या उडीसारखी मधे फुगायला लागते. अडीच इंच व्यासाची, २ मिमी जाडीची पोलादी नळी १.४ मीटर लांब असेल तर कागदावर तो वेग ५४०० च्या आसपास निघतो, १.५ मीटरला ४७०० वर उतरतो. आणि कागदावरच्या आकड्याच्या पाऊण पटीच्या आतच राहायचं असतं. लांबी निम्मी केली की हा वेग चौपट होतो, म्हणून लांब बॉक्स घातल्याने शाफ्ट आखूड झाला तर या बाबतीत फायदाच. उलट झालं, म्हणजे बॉक्स आखूड आणि शाफ्ट लांब, तर नळीचा व्यास वाढवा नाहीतर दोन तुकड्यांचा शाफ्ट करून मधे बेअरिंग द्या. जाड पत्र्याची नळी घेऊन काही होत नाही, व्यास वाढला पाहिजे.

थरथर नक्की कशाची हे कसं ओळखायचं?

गिअर बदलून बघा. ७० ला थरथरतेय, त्याच स्पीडला खालचा गिअर टाकला तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन-क्लचचं काही नाही, शाफ्ट, धुरा किंवा चाक. बॅलन्सचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्याला एक धक्का देतो, कोनाचा दोष दोन. वरच्या उदाहरणात ८० ला शाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे बॅलन्सची थरथर जाडसर, सीटमध्ये जाणवणारी आणि कोनाची त्याच्या दुप्पट बारीक, गुणगुण केल्यासारखी. चाकाची यापेक्षा खूपच संथ, स्टिअरिंगमध्ये येते. कोनाची थरथर ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलते, बॅलन्सची स्पीडप्रमाणे वाढत जाते. गिअर टाकताना ‘टक्’ असा एकच आवाज येत असेल तर क्रॉस गेलाय किंवा पिनियनला प्ले म्हणजे ढिलेपणा आहे.

पुढचा योक एका मापाचा आणि मागचा दुसऱ्या, क्रॉस कुठला घालू?

क्रॉसच्या कपाचा व्यास आणि एका कपापासून समोरच्या कपापर्यंतची रुंदी, ही दोन मापं घेऊन जायचं. स्पायसरची १३१० सिरीज म्हणजे २७ मिमी कप आणि ८२ मिमी रुंदी, १३३० म्हणजे कप तोच २७ पण रुंदी ९२, १३५० म्हणजे कप ३० च्या वर आणि रुंदी ९२. एका दिशेला एक माप आणि दुसऱ्या दिशेला दुसरं असे जोडक्रॉस मिळतात, तो प्रामाणिक उपाय आहे. कप सैल बसतोय म्हणून पत्र्याची पट्टी घालणं हा नाही.

अँबॅसडरमध्ये इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स घालायचाय.

१९९२ च्या सुमारास अँबॅसडर १८०० आली तेव्हा कंपनीनेच इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर दिले, त्यामुळे बॉक्स त्याच गाडीतून निघालेला असेल तर त्याचा शाफ्ट आणि क्रॉसमेंबरही घ्या, बॉडी आणि व्हीलबेस तोच असल्याने निम्मं काम होऊन जातं. तरी लांबी आणि पिनियनची फ्लँज ताडून बघाच. बॉक्स कॉन्टेसातून आलेला असेल तर तिचा शाफ्ट घेऊन उपयोग नाही, कॉन्टेसाचा व्हीलबेस लांब आहे.

मी अमेरिकेत आहे, जुनी शेव्ही घेतलीय. तिकडचं काही सांगाल?

मावसभाऊ मिशिगनला असतो, त्याच्यामुळे थोडं माहीत आहे. जीएमचा (शेव्हीची मूळ कंपनी) टीएच३५० हा ऑटोमॅटिक बॉक्स काढून ७००आर४ घालताय तर दोघांनाही २७ दाते, योक तोच चालतो, पण आखूड शेपटीचा टीएच३५० साधारण २७ ११/१६ इंच आणि ७००आर४ ३० ३/४ इंच, म्हणजे शाफ्ट तीन इंच आखूड. टीएच३५० लांब शेपट्यांचाही येतो, म्हणून आपला आधी मोजा. टीएच४०० ला ३२ दाते, तिथे योक बदलणार. फोर्डमध्ये सी४ आणि एओडी या बॉक्सना २८ दाते, सी६ ला ३१. जीएमचा २७ आणि फोर्डचा २८ शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखेच दिसतात, ग्रीसचा ठसा काढा.

१९५४ पर्यंतची शेव्हरोलेट कार किंवा १९४८ पर्यंतची फोर्ड असेल तर थांबा. त्यांचा शाफ्ट एका बंद नळकांड्यात फिरतो आणि ते नळकांडं धुऱ्यालाच पक्कं असतं, धुऱ्याचा रेटा तेच सांभाळतं. तिथे नवीन बॉक्स म्हणजे उघडा शाफ्ट, आणि मग धुरा धरायची व्यवस्थाच नवी करावी लागते. शाफ्टचा खर्च त्यात चिल्लर आहे.

शाफ्ट काढताना काही काळजी?

जीपवाल्यांनी हे नीट वाचा. जुन्या विलीज बेताच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. चाकांना तो थेट धरतच नाही, शाफ्टमार्फत धरतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी मोकळी, गिअरमध्ये ठेवली तरी मोकळी. आमच्या गल्लीला उतार आहे. शेवटचा बोल्ट निघाला आणि जीप शांतपणे माझ्यावरून मागे जायला लागली, नशीब चाकामागे पोराने खेळताना ठेवलेला चिरा होता. चारही चाकांना ओट लावल्याशिवाय खाली शिरू नका.

आरटीओचं काय?

२०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. नवीन बॉक्ससाठी चॅसीचा क्रॉसमेंबर कापून वेल्ड करणार असाल तर त्याआधी आरटीओत विचारून या. मी बोल्टने बसणारा वेगळा क्रॉसमेंबर केला, मूळ भोकांवरच.

जुना शाफ्ट भंगारात देऊ का?

अजिबात नाही, कापायलाही देऊ नका, नवीनसाठी दुसरी नळी घ्या. कधी मूळ बॉक्स परत घालावासा वाटला, किंवा गाडी विकताना घेणाऱ्याने मागितला, तर तो शाफ्ट परत मिळणार नाही. माझा दुकानात वरच्या फळीवर आडवा पडलाय, दोन्ही टोकांना ग्रीस आणि प्लॅस्टिकची पिशवी बांधून. गिऱ्हाईक विचारतं हा पाइप केवढ्याला, त्याला सांगतो विकायचा नाही.